सकाळी साडेसातला बार्शी

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. बावीस वर्षं झाली. काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर वायर तपासा... माझं तत्त्वज्ञान एवढंच. अंगात येणं, लिंबू-मिरची, अमावस्येला बाहेर पडू नका, असलं कुणी सुरू केलं की माझं डोकं फिरतं. शेजारच्या काकू मला तोंडावर 'नास्तिक बाई' म्हणतात आणि मी त्यांना चहा पाजते. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते, पण खरं सांगू का, निम्म्या वेळा हसायलाच. आता माझ्यावर कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. झालं तसं लिहिते आहे, पदरचं काही घालत नाही.

आमचं घर जुळे सोलापुरात. घरात तिघं. मी, माझा नवरा महेश (टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे) आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. नाव शिवप्पा, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या. मामांना नाद एकच, हॅम रेडिओ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : सरकारी परीक्षा देऊन लायसन काढायचं, कॉलसाईन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळवायचा आणि घरातल्या सेटवरून दुसऱ्या हॅमशी बोलायचं. ना मोबाईल, ना इंटरनेट. गच्चीवर ताणलेली एक तार, बस्स.

मामांचा सेट जुना जपानी. लोखंडी पेटी, आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह, वजन असं की एकदा झाडताना उचलला तर महेशच्या कमरेत उसण भरली. आजकालचे सेट बटण दाबलं की चालू. याचे लाड निराळे. आधी व्हॉल्व्ह तापू द्यायचे, मग दोन खुंट्या जरा-जरा फिरवत मीटरचा काटा जिथं खाली बुडतो तिथं आणायचा. आणि हे सगळं दहा आकड्यांच्या आत, नाहीतर व्हॉल्व्ह जळतात. मामा शेजारी बसून कानडीत मोजायचे, 'ओंदु, एरडु, मूरु...' आणि हत्तु म्हणायच्या आत हात काढला नाही की बोटांवर पेन्सिल बसायची. हो, सुनेच्या बोटांवर! 'फिजिक्सवाली सून आणि लायसन न्हाई?' म्हणून त्यांनीच मला परीक्षेला बसवलं होतं. पास झाले, कॉलसाईन मिळाला. ट्यूनिंग करायची मी, बोलायचे मामा. माईक हातात आला की माझी दातखीळच बसायची. पंधरा वर्षांत मी हवेत एक शब्द बोलले नव्हते.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. ट्यून करताना सेट गच्चीवरच्या तारेला जोडायचा नसतो, कारण ट्यूनिंगची शिट्टी दुसऱ्यांच्या बोलण्यावर जाऊन पडते आणि मग हॅम लोक भर हवेत खरडपट्टी काढतात. म्हणून मामांनी एक खोटी अँटेना केली होती. गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा, आत रेझिस्टन्स आणि ट्रान्सफॉर्मरचं तेल. त्याला डमी म्हणतात. टेबलामागं एक खटका. खाली केला की डमी, वर केला की गच्चीवरची तार. डमीवर असताना तुम्ही घसा फोडून ओरडा, सगळी ताकद त्या डब्यात जाते आणि तेल कोमट होतं. बाहेरचंही काही आत येत नाही. डमीवर ट्यून करायचं, मग आठवणीनं खटका वर करायचा आणि मग बोलायचं.

आणि बोलायचं म्हणजे कुणाशी, तर करीमचाचांशी. बार्शीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्यांचं. मामा नि चाचांची ओळखच हवेतली. पहिली चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण रोज सकाळी साडेसात म्हणजे साडेसात, बोलणं ठरलेलं. पाऊस किती झाला, कुणाचा व्हॉल्व्ह गेला, बार्शीत ज्वारीचा भाव काय, सोलापूरला पाणी कितव्या दिवशी आलं. मामांचा सेट तापला की डायलवरची जागा सोडून थोडा-थोडा सरकायचा, त्यावरून चाचांची रोज टिंगल. आणि मागून मला ऐकू जाईल अशा बेतानं, 'शिवा, तुझी सून मुकी हाय का रं?' हॅम लोक शेवटी 'सेवंटी थ्री' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा, आणि बोलणं संपवताना 'फायनल'. हे दोघं 'फायनल' कधीच म्हणायचे नाहीत. म्हणायचे, 'उद्या साडेसात.'

दिवाळी झाली आणि मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून 'अं... अं' याच्या पलीकडे काही निघेना. तीन आठवडे दवाखाना. आणि ते दवाखान्यात असतानाच एका दुपारी चाचांच्या मुलाचा, इरफानचा, फोन आला. अब्बा गेले. दुकानातच बसल्या जागी, छातीत कळ येऊन.

डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही सांगू नका. आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं, मामांना सांगायचं नाही. महेश एकटाच मातीला जाऊन आला. मामा घरी आले, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला डाव्या हातानं सेटकडं बोट. आणि खोटं बोलायला कोण पुढं? मीच. म्हटलं, 'मामा, चाचा पुण्याला गेलेत मुलीकडं. तिथं सेट नाहीय त्यांच्याकडं.' मामा माझ्याकडं बघतच राहिले. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले, गॅसपाशी उभी राहिले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

पुढं रोज तेच. साडेसात वाजले की खुर्ची सेटकडं वळवून बसायचे, आठ वाजता भिंतीकडं तोंड करायचे. हळूहळू व्यायामवाल्या बाईंना हात लावू देईनात. मग जेवण सोडलं. मी चमचा पुढं केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. माझ्याकडं तर बघायचंसुद्धा सोडलं. शनिवारी डॉक्टर घरी येऊन म्हणाले, 'सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी लागली की...'

त्या रात्री मी महेशला म्हटलं, 'मी खरं सांगून टाकणार आहे.' तर तो भडकला. 'काही झालं म्हणजे? तू जबाबदार?' मी म्हटलं, 'आत्ता होतंय त्याला कोण जबाबदार आहे मग?' दोघं पाठ फिरवून झोपलो.

रविवारी सकाळी महेश मंडईत गेला. सव्वासात झाले होते, स्वच्छ ऊन पडलेलं, गल्लीत पोरांचं क्रिकेट चालू. सगळं भर उजेडात, हे मुद्दाम सांगते. मी सेटवरची चादर काढली आणि म्हटलं, 'मामा, आज लावू या सेट.' माझा बेत असा, की आधी इतर कुणाचे तरी आवाज ऐकवावेत, माणूस जरा सैल झाला की पायाशी बसून सगळं कबूल करावं.

व्हॉल्व्ह तापले. मी खुंट्यांवर हात ठेवला आणि मामांचं डावं बोट खुर्चीच्या हातावर टक-टक वाजायला लागलं. मोजत होते! महिना-दीड महिन्यात पहिल्यांदा माणसानं कशात तरी भाग घेतला होता. मला भरून आलं, काटा दिसेना. कसाबसा आठव्या टकटकीला बुडवला आणि हात काढला.

मग सेट ऐकण्यावर टाकला. आवाज जवळजवळ नव्हताच. रविवारी सकाळी या वेळेला खरं तर नुसता कलकलाट असतो. मनात म्हटलं, आजच नेमका बँड मेलाय, लांबचे सिग्नलच येत नाहीयत. तेवढ्यात कुणीतरी बोलल्यासारखं झालं. सेट थोडासा चुकीच्या जागी असला की माणसाचा आवाज बदकासारखा येतो, तसा. मी हात पुढं करायच्या आत मामांचा डावा हात मोठ्या खुंटीवर गेला. केसभर फिरवली.

'...शिवा. शिवा, हायस का? बार्शी बोलतोय.'

मला पहिल्यांदा भीती नाही वाटली, हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. मला वाटलं, इरफान असेल. बापाचा आवाज पोरात उतरतो. मी माईक उचलला, आयुष्यात पहिल्यांदा हवेत माझा कॉलसाईन सांगितला आणि म्हटलं, 'बार्शी, हे... हे सोलापूर. सुरेखा बोलतेय.'

'आगं बया! बोलली की!' आणि ते हसणं. हसताना शेवटी खोकला यायचा, विडीचा, तो खोकलासुद्धा. 'पंधरा वर्सं लागली व्हय गं? माईक शिवाकडं दे बघू.'

इरफान विडी ओढत नाही. इरफान मला वहिनी म्हणतो, गं नाही म्हणत. मामांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला, त्याचं बटण दाबलं आणि बोलायचा प्रयत्न केला. 'अं... अं...' मीटरचा काटा त्याबरोबर उडत होता. मग माईक सोडला आणि ते रडायला लागले.

'कळलं. नगं बोलूस. मी बोलतो, तू आईक. पटलं तर माईक दोनदा दाब.'

मामांनी दोनदा दाबला. टिक-टिक.

'सरकतोय बग तुजा सेट, न्हेमीसारखा. आवर त्याला.'

मामांनी खुंटी केसभर मागं आणली. त्या रडण्यातसुद्धा ओठाचा एक कोपरा हसला, मी पाहिला.

'जेवत का न्हाईस रं? माज्यावर राग, आन् अन्नावर काडतूयस? आन् आईक, सूनंवर डूख धरू नगं. मी पुन्याला न्हाय, ते तुला लई आदीच कळलंय. तिच्या तोंडनं वदवून घिऊ नगं, तिला जमायचं न्हाय ते. म्हनून मीच आलो सांगाया.'

मामांनी माईक दाबला, एकदाच, आणि बराच वेळ दाबून धरला. मी पदरात तोंड खुपसलं होतं.

'गुरवारी चाळिसावा हाय माजा. येऊन जा. काठी टेकत ये, पोरास्नी धरून ये, पन ये. आन् उद्यापास्नं साडेसातला बसू नगं बाबा. मी हितनं सेट बंद करतोय. लई चांगलं झालं आपलं, शिवा. सेवंटी थ्री. फायनल.'

टिक-टिक. मामांनी माईक टेबलावर ठेवला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पोरांचा बॉल गेटवर आदळला तेव्हा मी भानावर आले. मामांचे डोळे गळत होते, पण चेहरा मोकळा होता. मी पायाशी बसले, म्हटलं, 'मामा, चुकले मी.' त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या क्षणी त्याच हातानं तोंडाशी घास नेल्याची खूण केली. भाकरी दुधात कुस्करून दिली तर मान हलवली. बोट डाळीकडं आणि शेंगाचटणीच्या बरणीकडं! अर्धी भाकरी खाल्ली त्या माणसानं. मी चमचा भरवतेय आणि रडतेय.

नंतर प्लग काढायला टेबलामागं वाकले आणि मला खटका दिसला. खाली होता. डमीवर.

रडण्याच्या भरात खटका वर करायचा राहूनच गेला होता. असली चूक प्रत्येक हॅम एकदा तरी करतो. दहा मिनिटं डब्याशी गप्पा मारतो आणि मग कुणी उत्तर का देत नाही म्हणून चिडतो. डब्याला हात लावला तर तेल कोमट. म्हणजे माझे शब्द, मामांचं 'अं अं', सगळं त्या डब्यात गेलं होतं. सेट पुन्हा चालू केला. खटका वर केला, भस्सकन खरखर आणि तीन-चार माणसांचा गलका. खाली केला, गप्प. वर, गलका. खाली, गप्प. सहा वेळा केलं. फिजिक्सवाली ना मी.

मामांच्या नजरेतून तो खटका कसा सुटला, देव जाणे. एरवी मी विसरले की पेन्सिल ठरलेली. त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं.

महेश मंडईतून आला, त्याला सांगितलं. तो मला म्हणाला, 'तू आधी झोप जरा.' मी म्हटलं, 'इरफानला फोन लाव. काही सांगू नकोस, फक्त चाळिसावा कधी आहे विचार.' त्यानं स्पीकरवर लावला.

इरफान म्हणाला, 'दादा, हिशोबानं चाळिसावा दिवस बुधवारी येतो. पण फुफी गुलबर्ग्याहून गुरुवारी सकाळी पोचतेय, म्हणून काल रात्रीच आम्ही गुरुवार धरला. अजून कुणालाच कळवलं नाही, आता फोन करणारच होतो. तेवढ्यात तुमचाच आला.'

महेश पिशवी हातात घेऊनच खुर्चीत बसला. मग मीच फोन घेऊन विचारलं, 'चाचांचा सेट कुठं आहे रे?' तर म्हणाला, 'माळ्यावर, वहिनी. अम्मीला बघवत नव्हता, गोधडीत गुंडाळून ठेवलाय.'

मी हे दोन-चार जुन्या हॅमना सांगितलं. एक म्हणाले, डमी थोडं गळतं, जवळचा स्ट्राँग सिग्नल आत येऊ शकतो. मान्य. दुसरे म्हणाले, कुणीतरी नक्कल केली असेल, असे खोडसाळ लोक असतात. असतील. पण मी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पुण्याचं खोटं बोलले होते, ते त्या खोडसाळ माणसाला कसं कळलं? आणि जो गुरुवार इरफाननं आपल्या घराबाहेर कुणाला सांगितलाच नव्हता, तो? मामांची वाचा अजून पुरती आली नाही. 'पाणी' म्हणतात, 'सुरे' म्हणतात.

गुरुवारी गाडी करून बार्शीला गेलो. चाचींनी मामांना पाहिलं आणि दारातच बसल्या. दुपारी महेश आणि इरफान मामांना दोन्ही बाजूंनी धरून कबरस्तानात घेऊन गेले. मी फाटकाबाहेर थांबले, तिथून सगळं दिसत होतं. मामा वाकले आणि डाव्या हातात माती घेतली. मग थांबले. माती उजव्या हातानं द्यायची असते. इरफाननं त्यांचा तो लुळा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटं उघडली, त्यात माती भरली, आणि हळूच कबरीवर पालथा केला.

मग मामा मोठ्यानं रडले, फाटकापर्यंत ऐकू येईल असं. झटका आल्यापासून त्यांच्या घशातून एवढा आवाज निघाला नव्हता. आम्ही जीव वाचवायच्या नावाखाली या माणसाला त्याच्या दोस्ताची माती चुकवायला लावली होती, आणि ज्याची माती चुकली, त्यालाच बोलवायला यावं लागलं.